डॉक्टर, एक विचारू? : गाठ छातीत, लटपट पायात

मागच्या अंकात मी एका उत्तरात जाता जाता लिहून गेले की कधी कधी कॅन्सर स्वतः दिसायच्या आधी त्याची चाहूल नसांना आणि स्नायूंना लागते, आणि त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. निम्मे वाचक घाबरलेत, उरलेल्यांच्या घरी हे खरंच घडलंय. दोघांनाही उत्तरं देते. नावं गाळली आहेत, काही पत्रं बरीच छाटली आहेत.

वडील ६३ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. दिवाळीपासून त्यांना पाटावरून उठता येईना, मग संडासात भिंतीला धरून उठायला लागले, आणि एवढी वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला एसटीची पायरी चढता येईना. आधी मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, पट्टा बांधला, ट्रॅक्शन झालं, काही फरक नाही. मग न्यूरोच्या डॉक्टरांनी करंटची टेस्ट केली आणि लगेच छातीचा सीटी सांगितला, त्यात फुप्फुसात गाठ निघाली. बायॉप्सीत कॅन्सर आलाय. खोकला नाही, रक्त नाही, धाप नाही, मग पायाचा आणि फुप्फुसाचा काय संबंध? कॅन्सर पायात पसरलाय का? (कराडहून एक मुलगा)

पसरलेला नाही. हे आधी सांगते कारण तुमच्या पत्रात हा प्रश्न तीनदा आलाय. पायात, मणक्यात, मेंदूत कुठेही कॅन्सरची पेशी न पोचतासुद्धा पाय असे लुळे पडू शकतात. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर आजाराचं नाव आहे, लॅम्बर्ट-ईटन, आम्ही नुसतं लेम्स म्हणतो. त्यातली गंमत, गंमत कसली, पण म्हणू या, अशी आहे की हे सगळं कॅन्सर करत नाही, तुमच्या वडिलांची स्वतःची प्रतिकारशक्ती करते.

नस जिथे स्नायूला भेटते तिथे दोघांच्या मध्ये एक बारीकशी फट असते. मेंदूचा हुकूम नसेतून खाली आला की नसेच्या टोकावरची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि त्याच्या जोरावर नस त्या फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडे लागलं की स्नायू आवळतो. आता फुप्फुसाच्या कॅन्सरमधला एक प्रकार, स्मॉल सेल, विडी-सिगारेटवाल्यांचा खास आजार, त्याच्या पेशींवर नेमकी हीच कॅल्शियमची दारं असतात. शरीराला ती परकी पेशी कळते, तिला मारायला अँटीबॉडी तयार होतात, आणि त्या रक्तातून फिरत फिरत नसेच्या टोकाशी आल्या की तिथे तसंच दार दिसतं. झालं, त्याच्यावरही हल्ला. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसंच, फक्त इथे चोरालाही थोडाफार मार बसतोच. म्हणूनच लेम्स असलेल्या अशा पेशंटांचा कॅन्सर सापडतो तेव्हा बरेचदा लहान असतो, आणि लेम्स नसलेल्या स्मॉल सेलवाल्यांपेक्षा ते सरासरीने जास्त जगतात असं अभ्यासांतून दिसलंय. तुमच्या वडिलांच्या पायांनी चाहूल दिली म्हणून गाठ खोकला यायच्या आधी सापडली, असंही बघता येईल. अर्थात ते पायांना रोज शिव्या देत असतील तर त्यांना हे लगेच पटायचं नाही.

तुम्ही विचारलंय की नुसत्या करंटच्या टेस्टवरून डॉक्टरला छातीचा संशय आला कसा. मी ओपीडीत काय करते ते सांगते. पेशंटला टेबलावर पाय सोडून बसवायचं, गुडघ्याखाली हॅमर मारायचा. पाय हलत नाही. मग सांगायचं, काका, पाय सरळ करा आणि माझ्या हाताला दहा सेकंद जोर लावून ढकला. दहा सेकंद झाले की लगेच परत हॅमर मारायचा, आणि मघाशी ढिम्म असलेला पाय टुणकन उडतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मीच आधी हॅमर चुकीच्या जागी मारला. हापसा आठवा. पहिले चार-पाच हात मारले तरी पाणी येत नाही, मारत राहिलं की येतं, आणि सोडून दिलं की थोड्या वेळात परत कोरडा. इथेही तेच, लागोपाठ हुकूम आले की नसेच्या टोकात कॅल्शियम साठत जातं आणि थोडा वेळ रसायन पुरेसं सुटतं. करंटच्या टेस्टमध्ये हेच कागदावर दिसतं, स्नायूचा सिग्नल आधी बारीक येतो आणि दहा सेकंद जोर लावल्यावर दुप्पट किंवा त्याहून मोठा होतो. मणक्याच्या गॅपमध्ये असं होत नाही.

आणखी एक खूण असते ती पेशंट सांगत नाहीत, विचारावी लागते. तोंड कोरडं पडणं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, जीभ टाळूला चिकटते, जोडीला बद्धकोष्ठ, आणि पुरुषांमध्ये आणखी एक तक्रार, जी बायको-मुलगा समोर असताना कुणीही सांगत नाही, म्हणून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवते. पाय लटपटतात, तोंड कोरडं आहे, वय पन्नाशीच्या पुढे आणि विडी, हे सगळं एकत्र आलं की छातीचा फोटो काढल्याशिवाय राहवत नाही.

मणक्याचा पट्टा बांधणाऱ्या डॉक्टरवर तुम्ही रागावलाय, रागवा, पण थोडं कमी. मी शिकत होते तेव्हा एका ऊसतोडीच्या मुकादमाला तीन महिने कंबरेच्या व्यायामाला पाठवत राहिले होते. तो दर वेळी पाण्याची बाटली घेऊन यायचा आणि बोलता बोलता घोट घ्यायचा, आणि मला वाटायचं उन्हातनं आलाय.

या आजाराची ओळखही आधी भूल देणाऱ्यांना झाली. १९५३ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका माणसाबद्दल लिहिलं, फुप्फुसाच्या ट्यूमरचा पेशंट, भूल देताना स्नायू सैल करायचं औषध दिलं तर त्याचा श्वास परत सुरू व्हायला फार म्हणजे फारच वेळ लागला, तेव्हा लक्षात आलं की याचे स्नायू आधीपासूनच कमजोर आहेत. मग १९५६ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लॅम्बर्ट आणि ईटन यांनी करंटच्या टेस्टवर हा प्रकार वेगळा करून दाखवला. हा इतिहास सांगायचं कारण असं की तुमच्या वडिलांना पुढे कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, अगदी दात किंवा हर्निया असला तरी, आधी भूलतज्ज्ञाला लेम्सचं सांगायचं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

आता उपचार. मुख्य उपचार कॅन्सरचाच, स्मॉल सेलला केमो बऱ्यापैकी लागू पडते, सोबत रेडिएशन, आणि गाठ आटली की अँटीबॉडीचा कारखाना मंदावतो, पाय सुधारतात, पण हळूहळू, सहा महिने ते वर्षाचा हिशोब धरा. तोपर्यंत अमिफॅम्प्रिडिन नावाची गोळी आहे, ती नसेचा सिग्नल थोडा लांबवते म्हणजे उरलेली दारं जास्त वेळ उघडी राहतात. ती घेतल्यावर ओठाभोवती मुंग्या येतात, घाबरू नका, पण स्वतःच्या मनाने डोस वाढवला तर झटके येऊ शकतात, तेव्हा तेवढं नको. पाय फारच गेले असतील तर आयव्हीआयजी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन देतात, बहुतेक वेळा पाच दिवस, महाग असतं. आणि विडी आजपासून बंद. आता बंद करून काय उपयोग असं ते म्हणतील, सगळेच म्हणतात. उपयोग आहे, केमो-रेडिएशन जास्त सोसतं.

एक राहिलं. लेम्स झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांमध्येच कॅन्सर असतो, उरलेल्यांत हा नुसता प्रतिकारशक्तीचा आजार असतो. पण पहिल्या सीटीत काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं होत नाही, तीन ते सहा महिन्यांनी परत, असं दोन वर्षं बघत राहावं लागतं. हे तुमच्यासाठी नाही, तुमचं निदान झालंय, पण याच आजाराचे अजून दोन मेसेज आलेत, त्यांच्यासाठी लिहिलं.

आई ५८ वर्षांची. तीन आठवड्यांत चालणं गेलं. आधी चक्कर, मग झोकांड्या, मग बोलणं जड. एमआरआय नॉर्मल. शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की आई घेते का काही. नंतर रक्तात अँटी-यो नावाची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली आणि ओव्हरीत गाठ सापडली, ऑपरेशन झालं, केमो चालू आहे, सीए १२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) खाली आलंय, कॅन्सरचे डॉक्टर खूश आहेत, पण आई अजून कप धरू शकत नाही. कॅन्सर बरा होतोय तर हे का बरं होत नाही? (नाशिकहून, मुलगी)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी म्हणून लिहिलंयस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना.

मेंदूच्या मागच्या बाजूला छोटा मेंदू असतो, तोल, हाताची नेमकी हालचाल, बोलण्याची लय, सगळं तिथून चालतं. तिथल्या पर्किंजे नावाच्या मोठ्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं आणि आईच्या ओव्हरीच्या गाठीतही तेच प्रोटीन होतं. पुढची गोष्ट वरच्या उत्तरासारखीच, शरीराने गाठीवर हल्ला चढवला आणि तो छोट्या मेंदूवरही गेला. फरक एवढाच, आणि हा फरक फार मोठा आहे, की लेम्समध्ये हल्ला नसेच्या टोकावरच्या दारांवर होतो, दार मोडलं तर नवं बसतं. अँटी-योमध्ये ते प्रोटीन पेशीच्या पोटात असतं, तिथे अँटीबॉडी पोचतच नाही, ती फक्त रक्तात सापडणारी खूण, खरं काम टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात आणि त्या अख्खी पर्किंजे पेशीच मारून टाकतात. मेलेली पर्किंजे पेशी परत येत नाही. सुरुवातीचा एमआरआय म्हणूनच नॉर्मल येतो, काही महिन्यांनी छोटा मेंदू आकसलेला दिसायला लागतो.

तेव्हा गाठ काढून, केमो देऊन, स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी देऊन आपण जे करतो ते बहुतेक वेळा आगीवर पाणी मारणं असतं, जळालेलं घर तसंच राहतं. हे उपचार पहिल्या काही आठवड्यांत जितके लवकर होतील तितकं बरं. तुमच्याकडे निदान खरंच लवकर झालंय, कुणीतरी डोकं चालवलंय. आजार साधारण काही महिन्यांत एका जागी थांबतो. आई आता जिथे आहे तिथून थोडं सुधारेल, फिजिओने सुधारेल, पण आधीसारखं चालणं परत येईल असं मी तुला लिहिणार नाही. काही जणींना बरं वाटलेलं आहे, पण थोड्या.

आता घरातलं. चहाचा कप उचलताना हात लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे जातो, कप बशीवर ठेवताना खळखळतो, म्हणून हलका प्लास्टिकचा पेला देऊ नकोस, जड स्टीलचा किंवा पितळी, अर्धाच भरलेला, आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून प्यायला सांग. जेवताना ठसका लागतो का बघ, लागत असेल तर पाण्यासारखे पातळ पदार्थ धोक्याचे, आमटीपेक्षा घट्ट पिठलं बरं, आणि स्पीच थेरपिस्टला एकदा दाखव, ते गिळण्याचंही बघतात, नुसतं बोलण्याचं नाही. बाथरूममध्ये दांडा बसव. आणि आईची बुद्धी शाबूत आहे, तिला सगळं कळतं, शेजारीण काय बोलली तेही कळलं असेल. त्या बाईंना तू स्वतः सांग, मेंदूचा आजार आहे म्हणून. आईसमोर सांग.

याच्या उलट टोकाचा एक आजार आहे, तो इथेच सांगते कारण बीड जिल्ह्यातून एका मावशीचं पत्र आहे, १९ वर्षांची भाची अचानक बडबड करायला लागली, झोप गेली, तोंडाच्या विचित्र हालचाली, मग झटके, आणि घरचे तिला आधी देवऋषीकडे घेऊन गेले. हा एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने मेंदूला आलेली सूज, २००७ मध्ये त्याची अँटीबॉडी सापडली. तरुण मुलींमध्ये याच्या मागे कधी कधी ओव्हरीतली टेराटोमा नावाची गाठ असते, बहुतेक वेळा कॅन्सर नसतोच, साधी गाठ. इथे हल्ला पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतो, पेशी मरत नाहीत, म्हणून गाठ काढली आणि औषधं वेळेवर दिली तर बहुतेक मुली परत कॉलेजला जातात. काही महिने व्हेंटिलेटरवर राहिलेल्याही गेल्यात. तेव्हा मावशी, ‘बाहेरचं’ काही नाही, पोटाची सोनोग्राफी आणि पाठीतलं पाणी, या आठवड्यात.

मी २९ वर्षांचा, आयटीत आहे. हातापायाला मुंग्या येतात, रात्री उजवा हात बधिर होऊन जाग येते. गूगल केलं तर पॅरानिओप्लास्टिक न्यूरोपथी आलं. पेट स्कॅन करून घेऊ का? (पुणे, हिंजवडी)

नको. अरे बाबा, पॅरानिओप्लास्टिक म्हणजे वर सांगितला तोच प्रकार, कॅन्सरवरचा हल्ला नसांवर जाणं, आणि कॅन्सर झालेल्या शंभर जणांतसुद्धा एकालाही हे होत नाही, आणि तुला तर कॅन्सरच नाहीये. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं ना? ती मनगटात दबलेली नस, कार्पल टनेल, माऊस-कीबोर्डवाल्यांची फेवरेट तक्रार. पायाच्या मुंग्यांसाठी बी१२, शुगर, थायरॉइड एवढं रक्त तपास. पत्रात पुढे लिहिलंयस की घरी शाकाहारी आणि तू दूधही बंद केलंयस, मग बी१२ कमी निघाल्याशिवाय राहायचं नाही. पेट स्कॅनच्या पैशात वर्षभर पनीर येईल.

मला काळजी कधी वाटते ते सांगते. मुंग्या महिनो न् महिने तशाच आहेत, ते नाही. तीन-चार आठवड्यांत भराभर वाढत जातात, दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, एक हात आणि दुसरा पाय अशा उड्या मारतात, आग होते आणि डोळे मिटले की आपला हात कुठे आहे तेच कळत नाही, बटण लावता येत नाही. यात अँटी-हू नावाची अँटीबॉडी सापडते आणि मागे बहुतेक वेळा तोच वरचा स्मॉल सेल असतो. असं कुणाला असेल तर थांबू नये.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो चालू. फ्रीजमधून कोथिंबीर काढली तरी हाताला शॉक बसतो, गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखं होतं. हा पण तुमचा तो नसांचा आजार का? आणि सदाफुलीच्या पानांचा रस कॅन्सरवर चालतो म्हणतात, घेऊ का? (कोल्हापूर)

हा तो आजार नाही ताई, हे औषधाचं काम आहे. आतड्याच्या केमोत बहुतेकदा ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असतं आणि गारठा लागला की असा करंट बसणं ही त्याची सहीच. सलाईननंतरचे पाच-सहा दिवस फ्रीज उघडायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, पाणी कोमट, सोलकढी-ताक नॉर्मलवर आणून, स्टीलचा नळ सकाळी थंडगार असतो तेव्हा हातमोजा. घसा आवळतो तेव्हा श्वास अडकल्यासारखं वाटतं, पण श्वासनलिका बंद होत नाही, गरम पाण्याचा घोट घ्या, जातं.

पण मुंग्या आता पुढच्या सलाईनपर्यंतही जात नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पायाखाली गोधडी आहे असं वाटतं. हे पुढच्या डोसआधी कॅन्सरच्या डॉक्टरला सांगाच. बायका सांगत नाहीत, डोस कमी करतील, मग कॅन्सर राहील, अशी भीती. डॉक्टर ठरवतील काय करायचं ते, त्यांना माहीत तर हवं. हा बधिरपणा औषध बंद केल्यावरही दोन-तीन महिने वाढत राहतो आणि मग उतरायला लागतो, तेव्हा घाई करून उपयोग नाही. आग होत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी आहे, त्यातल्या त्यात तिचाच पुरावा बरा आहे. नसांच्या ताकदीच्या म्हणून मेडिकलमधून बी६ची मोठी गोळी मात्र आणू नका, बी६ जास्त झालं तर तेच नसा बिघडवतं. घरात अनवाणी फिरू नका, अंघोळीचं पाणी कोपराने बघा, रात्री झोपताना तळवे बघा, काटा रुतलेला कळत नसतो.

आणि सदाफुली. तुमच्या अंगणातल्या त्या गुलाबी सदाफुलीतूनच विनक्रिस्टिन हे केमोचं औषध निघालं, १९६३ पासून अमेरिकेत वापरात आहे, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही रोजचं औषध आहे. म्हणजे लोक म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण तेच विनक्रिस्टिन नसांना इतकं लागतं की पाऊल लटकं पडतं, आतडी सुस्त होतात, म्हणून आम्ही ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतो. पाल्याच्या पेलाभर रसात काय किती आहे कुणाला माहीत. तुमच्या नसा आधीच एका औषधाने बेजार आहेत. सदाफुली देवाला वाहा.

वय ५२. पापण्यांवर जांभळट रंग आलाय, बोटांच्या पेरांवर लाल पुरळ, आणि दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नाहीत, केस विंचरताना मध्येच हात खाली घ्यावा लागतो. त्वचेच्या डॉक्टरांनी डर्माटोमायोसायटिस सांगितलं आणि मॅमोग्राफी, पोटाचा सीटी, सगळं लिहून दिलं. मला कॅन्सर झालाय असं त्यांना वाटतं का? स्पष्ट सांगत नाहीत. (सोलापूर)

त्यांना वाटत नाही, त्यांना नक्की करायचंय की नाहीये. डर्माटोमायोसायटिस म्हणजे प्रतिकारशक्तीने त्वचेवर आणि स्नायूंवर केलेला हल्ला. मोठ्या वयात हा आजार झालेल्यांपैकी साधारण पाच-सहा जणांत एकाच्या मागे कॅन्सर असतो, म्हणजे बाकीच्यांत नसतो, आणि असेल तर बहुतेक वेळा आधीच्या किंवा नंतरच्या वर्षभरात सापडतो. म्हणून पहिल्या वर्षी जरा जास्तच तपासण्या होतात. चाळिशीपुढच्या बाईत स्तन आणि ओव्हरी आधी बघतात. टिफ-वन-गॅमा नावाची अँटीबॉडी तपासायला सांगितली असेल तर ती कराच, ती पॉझिटिव्ह असली तर जास्त बारकाईने शोधायचं, एवढाच अर्थ.

स्टिरॉइड चालू केलं असेल ते अचानक बंद करू नका. आणि सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) खाली आलं, हात वर जायला लागले पण मांड्यांची ताकद उलट कमी झाली, असं दोन-तीन महिन्यांनी वाटलं तर तो आजार वाढलाय असं समजून स्वतः गोळी वाढवू नका, मोठ्या डोसचं स्टिरॉइडही मांड्या खातं. डॉक्टरला दाखवून ठरवा. पापण्यांचा रंग उन्हाने वाढतो, तुमच्या सोलापूरचं ऊन, बाहेर पडताना स्कार्फ, गॉगल.

संध्याकाळ झाली की बाबांची डावी पापणी खाली येते, टीव्हीवर दोन-दोन माणसं दिसतात, सकाळी सगळं ठीक. मायस्थेनिया म्हणाले, अमिताभ बच्चनला झालेला तोच. मग छातीचा सीटी कशाला? (छत्रपती संभाजीनगर)

थायमस बघायला. छातीच्या हाडामागे असते ती ग्रंथी, लहानपणी मोठी, म्हातारपणी आटलेली. मायस्थेनियाच्या शंभर पेशंटांत दहा ते पंधरा जणांच्या थायमसमध्ये गाठ असते, थायमोमा, आणि ती असली तर काढतात. हळू वाढते सहसा. हा लेम्सचा चुलतभाऊ, फक्त उलटा. तिथे हल्ला नसेच्या टोकावर, इथे फटीच्या पलीकडे स्नायूवर, म्हणून तिथे जोर लावल्यावर ताकद येते आणि इथे वापराल तशी संपत जाते, मोबाईलच्या बॅटरीसारखी, सकाळी फुल, संध्याकाळी लाल.

पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू केली असेल, ती चार-सहा तासच चालते, तेव्हा जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर घास चावायला ताकद मिळते. गिळताना पाणी नाकातून यायला लागलं, किंवा एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. आणि ताप-खोकल्याला गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर आधी मायस्थेनिया आहे हे सांगायचं, जेंटामायसिनचं इंजेक्शन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी यात महागात पडते. कागदावर लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा, आधारकार्डाच्या पुढे, म्हणजे उघडलं की तेच दिसेल.